मामांची टाच आणि माझी एसयूव्ही

जुलैचा दुसरा आठवडा. कोल्हापूरच्या गगनबावडा रोडला मामांचं गाव, रोपलावणीचे दिवस, पाऊस नुसता धरून बसलेला. डांबरी सोडून पाणंदीला, म्हणजे शेतात जाणाऱ्या कच्च्या वाटेला, गाडी घातली तेव्हा मागनं आई म्हणालीपण, "आरं हितंच लाव की, चालत जाऊया." मी म्हटलं, "आई, एसयूव्ही हाय ही." त्यानंतर आजतागायत हे वाक्य मी कुणासमोर उच्चारलेलं नाही.

शंभरेक पावलं गेली असेल गाडी. चिखलणीला जाणाऱ्या ट्रॅक्टरांनी पाणंदीत अशा खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या की मधला उंचवटा म्हणजे एक छोटा बांधच झालेला. चाकं चाकोरीत उतरली, खालनं खर्रर्र आवाज आला आणि गाडीचं पोट मधल्या मातीवर टेकलं. मी ॲक्सिलरेटर दिला. पुढचं डावं चाक भिंगरीसारखं फिरायला लागलं, उजवं नुसतं उभं, डॅशबोर्डवर ती घसरत्या गाडीची पिवळी खूण लुकलुकायला लागली आणि इंजिन आपलं आपणच मंदावलं, म्हणजे मी पाय दाबतोय आणि गाडी म्हणतेय नको. बायको काहीच बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा जास्त लागतं.

मामा ट्रॅक्टर घेऊन आले, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ. खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "हुक कुठाय हिला?" आता आली का पंचाईत. जुन्या जीपला पुढच्या बंपरवरच हुक असायचा, आंधळ्यानंही चाचपून दोर बांधावा. माझ्या गाडीचा हुक म्हणजे डिकीत, स्टेपनीखाली, टूलकिटात गुंडाळून ठेवलेला एक लोखंडी आटेवाला डोळा, तो बंपरवरचं काडेपेटीएवढं प्लॅस्टिकचं झाकण उचकटून आत फिरवून बसवायचा असतो, हे मला भर पावसात मॅन्युअलची पानं चिकटत असताना कळलं. बैलगाडीचा जुना नाडा होता तो बांधला. मामांनी ट्रॅक्टर ओढला तर त्याचंही एक मागचं चाक त्या राडीत फिरायला लागलं. एकच. मामांनी मागं वळून बघितलंसुद्धा नाही, उजव्या टाचेनं खालचं एक पेडल दाबलं, दुसरं चाक जागं झाल्यासारखं झालं, आणि माझी गाडी चिखलातनं बाटलीचं बूच निघावं तसा आवाज करत बाहेर आली.

ती टाच माझ्या डोक्यातनं जाईना. मी ऊसपट्ट्यात वाढलेला माणूस, लहानपणी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून गाव पालथं घातलंय, पण ते पेडल कशाला असतं हे कधी विचारलं नव्हतं. तर गोष्ट अशी. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि आतल्याला कमी, म्हणून दोन्ही चाकांच्या मधे डिफरन्शियल असतो, तो दोघांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देतो. डांबरीवर ही सोय झकास. पण त्याची खोड अशी की तो दोन्ही चाकांना जोर सारखाच देतो, आणि किती देतो, तर जे चाक जास्त घसरतंय त्याला झेपेल तेवढाच. म्हणजे एका चाकाखाली लोणी असेल तर दुसऱ्या, कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही लोण्याएवढाच जोर. दोन भावांच्या वाटणीत थोरला दारुडा निघाला की धाकट्याचीही पेरणी होत नाही, तसलं काम. मामांच्या टाचेखालचं पेडल दोन्ही चाकांना एकत्र जखडतं, मग एक घसरलं तरी दुसरं ओढतंच. हाच डिफ लॉक. फोर्स कंपनीच्या गुरखा गाडीत तो पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलला (चाकांच्या जोडीमधल्या आसाला) येतो आणि गाडीवेडी पोरं त्याबद्दल हळू आवाजात, भक्तिभावानं बोलतात. आमच्याकडं तो पिढ्यान्‌पिढ्या टाचेखाली पडून आहे.

तर त्या दिवसापासून मी या भानगडीत शिरलो, रात्र रात्र वाचून काढलं, उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींच्या गॅरेजला चहाच्या निमित्तानं जाऊन बसायला लागलो. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी माझ्या गाडीखाली बॅटरी मारून दाखवली. "बघ, हिला चेसीच न्हाई. बॉडी हीच चेसी." क्रेटा, सेल्टॉस, माझी ती (नाव राहू दे, गाडीचा काही दोष नाही), या सगळ्या एका अंगाच्या, मोनोकॉक. बॉडी आणि सांगाडा एकच, त्यामुळं वजन कमी, वळणावर गाडी डुलत नाही, आत बसलेला माणूस सुखी. आणि यातल्या बहुतेकांचं इंजिन ओढतं ते फक्त पुढची दोन चाकं. डिझेल हॅरिअर एवढी ढाण्या वाघासारखी दिसते, तीही पुढच्याच चाकांवर चालते. शेजारी मिस्त्रींकडं एक जुनी जीप सोलून ठेवली होती, तिच्या खाली शिडीसारखी दोन जाड लोखंडी पाती आणि मधे आडवे दांडे, त्यावर बॉडी नुसती बोल्टांनी बसवलेली. थार, जिम्नी, गुरखा या अजून त्याच घराण्यातल्या. खड्ड्यात एक चाक खाली गेलं आणि दुसरं दगडावर चढलं की पीळ चेसी सोसते, दरवाजे वाकडे होत नाहीत. पण हीच गाडी पुणे रोडला शंभरच्या वर नेली की मागच्या सीटवरचा माणूस देवाचं नाव घेतो.

एक गंमत सांगतो. जीएसटीत मोठ्या एसयूव्हीला जादा सेस होता, तेव्हा त्यासाठी सरकारनं एसयूव्हीची व्याख्या केली होती: लांबी ४ मीटरच्या वर, इंजिन १५०० सीसीच्या वर, ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट आणि जमीन यातलं अंतर) निदान १७० मिमी, हे सगळं एकत्र पाहिजे. आता तीन दरवाजांची थार ३,९८५ मिमी लांब. जिम्नीही तेवढीच. म्हणजे डोंगर चढणाऱ्या दोन्ही गाड्या सरकारच्या हिशेबात एसयूव्ही नव्हत्याच, आणि मॉलच्या पार्किंगचा रॅम्प चढणारी लांबलचक गाडी मात्र पक्की एसयूव्ही! मिस्त्रींना सांगितलं तर म्हणाले, "नावात काय हाय, आमच्या गल्लीत एकाचं नाव पैलवान हाय, त्याला गॅसची टाकी उचलत न्हाई."

माझा एक मित्र आहे शिवाजी पेठेतला. त्यानं त्याच सुमारास नवी कोरी फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकं ओढणारी गाडी, घेतली, लगेच चाकं बदलली, मोठ्या खवल्यांचे टायर, वर दिव्यांची पट्टी, मागं झेंडा. रंकाळ्यावर संध्याकाळी लावली की पोरं सेल्फी काढायची. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी बघायला जेवढी मान वळते त्याच्या खालोखाल याच्या गाडीकडं वळायची, असं त्याचं म्हणणं. मी एकदा विचारलं, लगा, लो कधी मारलीस? तर म्हणाला, लो म्हणजे?

गिअरच्या शेजारी एक छोटा दांडा असतो. टू एच म्हणजे मागची दोनच चाकं, फोर एच म्हणजे चारी, आणि फोर एल म्हणजे चारी आणि वर लो, आणखी खालचे, हळू पण जोराचे गिअर. चौदा महिने त्यानं तो दांडा हलवलेला नव्हता, फक्त एकदा फोर एचला टाकून कळे गावापासनं रंकाळ्यापर्यंत कोरड्या डांबरीवरनं आणली होती, दाखवायला, आणि पार्किंगला वळवताना स्टिअरिंग जड झालं आणि टायर किंचाळले म्हणून घाबरून परत टू एचला आणली. यात त्याची चूक असली तरी सांगायचं कुणी? असल्या साध्या फोर बाय फोरला पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधे डिफरन्शियल नसतो, दोन्ही एकमेकांना जखडलेले. वळताना पुढची चाकं जास्त अंतर जातात, मागची कमी, आणि हा फरक कुठंतरी जिरायला पाहिजे. चिखलात चाक जरा घसरतं आणि जिरतो. कोरड्या डांबरीवर घसरत नाही, मग तो पीळ सगळा दांड्यांत आणि गिअरात साठतो. पैसे भरून गाडीचं पोट दुखवायचं.

त्याला म्हटलं चल, माझ्या मामांच्या पाणंदीला. मला बघायचंच होतं.

तो रविवार मला आयुष्यभर पुरेल. मित्रानं डांबरी सोडली, फोर एचला टाकली, दुसऱ्या गिअरात पाय दाबला आणि गर्जना करत निघाला. पन्नास... साठ... शंभर पावलं, मी जिथं अडकलो होतो ती जागा त्यानं ओलांडली, खिडकीतनं माझ्याकडं बघून हसला, आणि पुढं जिथं ओढ्याचं पाणी पाणंदीत शिरतं तिथं चारीच्या चारी चाकं एकदम घरंगळली आणि गाडी आडवी होऊन बांधाला टेकली. मोठ्या खवल्यांत गाळ बसून टायर गुळगुळीत, चार चाकं फिरतायत आणि चारीही खाली खणतायत. माझी गाडी डांबरीपासनं शंभर पावलांवर अडकली होती, याची तीनशेवर. ट्रॅक्टरला तेवढं जास्त आत यायला लागणार, एवढाच फायदा.

मामा आले. पण ट्रॅक्टर न घेता चालत आले. मामांनी ट्रॅक्टर घ्यायच्या आधी नऊ वर्षं वडाप चालवलंय, कोल्हापूर-गगनबावडा, जुनी जीप, मागच्याच चाकांवर चालणारी. बाहेरच्या वाचकांसाठी, वडाप म्हणजे माणसं कोंबून नेणारी खासगी जीप किंवा ट्रॅक्स. आत किती बसतात याला आकडा नाही, शेवटचा माणूस मागच्या पायरीवर लोंबकळला की गाडी भरली. मी लहानपणी विचारलेलं आठवतं, मामा एवढी माणसं का भरता, तर म्हणाले होते, "माणसं मागं बसली की मागचं चाक जमीन धरतंय." मला तेव्हा तो लबाडीचा बहाणा वाटला. आता कळतंय की तो लबाडीचा बहाणा होताच, पण खोटा नव्हता. ओढणाऱ्या चाकावर वजन पाहिजे, ही पहिली गोष्ट.

मामांनी मित्राला खाली उतरवलं. आधी टायरकडं बघितलं, अंगठ्यानं दाबलं, "हवा किती?" पस्तीस. "ढोलकी केलीस की." काडीनं चारी टायरची हवा सोडली, वीसच्या आसपास आली असेल, टायर खाली पसरले, जमिनीवरचा पंजा लांब झाला. (परत भरायला पंप पाहिजे, नाहीतर डांबरीवर तसंच पळवाल तर टायर जाईल. मित्राकडं दिव्यांची पट्टी होती, पंप नव्हता.) मग मामा आत बसले, क्लच दाबला, न्यूट्रल, तो छोटा दांडा धरला, लोच्या बाजूला हलेना. चौदा महिने तिकडं गेलेलाच नाही. दोन्ही हातांनी खटॅक करून फोर एलला घातला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि ॲक्सिलरेटरवरनं पाय काढून घेतला.

मी खिडकीतनं त्यांच्या पायांकडं बघत होतो म्हणून सांगतो. दोन्ही पाय मोकळे. ॲक्सिलरेटरला पाय नाही, ब्रेकला नाही, आणि गाडी आपली आपण, डिझेलच्या त्या मंद टकटकीवर, म्हातारं माणूस काठी टेकत जिना चढतं तशी निघाली. लोमधे गिअर अजून दोन-अडीच पटीनं खाली येतात, चाक हळू फिरतं पण जोर तेवढ्याच पटीनं वाढतो. चाक एकदा घसरलं, मामांनी स्टिअरिंग जरासं डावीकडं-उजवीकडं हलवलं, टायरच्या कडेनं नवी माती धरली, गाडी परत निघाली. बाजूनं मी चालत होतो आणि मला गाडीसाठी थांबायला लागत होतं. मामांनी काच खाली घेऊन मित्राला सांगितलं, "ही पळवायची न्हवं. आन पळवायची आसंल तर माझ्या भाच्याची ती बरी हाय."

म्हणजे आमचं दोघांचं सगळंच उलटं झालेलं. मी आरामात लांब पळायला केलेली गाडी घेऊन चिखलात शिरलो, आणि त्यानं हळू चालायला केलेली गाडी घेतली ती रंकाळ्याला राउंड मारून गुरगुरायला. आपल्याकडं नाद म्हणजे वेग, नाद म्हणजे आवाज. आणि या रांगड्या गाडीची सगळी करामत बैलगाडीच्या चालीत आहे. उतारालाही तेच, लो मधे पहिल्यात सोडायची, ब्रेकला हात... म्हणजे पाय लावायचा नाही, इंजिनच गाडी धरून ठेवतं.

गाडीचं नाक ही आणखी एक गोष्ट, ब्रोशरमधे बारीक अक्षरात असते आणि आपण सनरूफच्या पानावरच थांबतो. थारचा अप्रोच अँगल ४१.८ अंश, म्हणजे एवढ्या चढाला ती बंपर न टेकवता तोंड लावते, कारण चाकाच्या पुढं नाक जवळजवळ नाहीच. ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिमी. क्रेटाचा १९०. साडेतीन सेंटीमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण रस्त्यावरच्या एसयूव्हीचं नाक लांब आणि खाली झुकलेलं, ते बांधावर आधी टेकतं आणि चाकाची पाळीच येत नाही. मधल्या जातीच्याही आहेत, डस्टरचं ऑल व्हील २०१४ ला आलं होतं, जीप कंपास आहे. त्या गरज पडली की मागच्या चाकांना आपणहून जोर देतात, पावसात घाटाला, ओल्या गवतावर, शेतघराच्या कच्च्या वाटेला उत्तम. पण खरा लो दांडा नाही. माझ्या मते शंभरातल्या नव्वद माणसांना एवढंही जास्त होतं, मला धरून.

करूळ घाटाचंही सांगायला पाहिजे, नाहीतर मामा आणि मित्र दोघं मिळून मला फसवतायत असं वाटेल. तिथनं खाली वैभववाडीला उतरताना, धो धो पाऊस, धुकं, आम्ही दोन गाड्या घेऊन गेलो होतो, आणि परतीला मित्रच म्हणाला तुझी दे. त्याचे ते खवलेवाले टायर ओल्या डांबरीवर धरत नव्हते आणि आवाज तर असा की गाणं लावून उपयोग नाही. वळणावर गाडी डुलते. आईला त्या गाडीत चढवायला गेलो तर ती पायरीकडं बघून म्हणाली, "ह्यो काय घोडा हाय?" आणि माझ्या गाडीत जाऊन बसली. गुडघ्यांचा विचार कुठलंच ब्रोशर करत नाही.

आणि पाण्याचं. हे मात्र चेष्टेवारी न्यायचं नाही. थारची पाण्यातनं जायची खोली ६५० मिमी देतात, गुरख्याची ७००, वर स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाला उंचावरनं हवा देणारी नळी. पोरांना वाटतं म्हणजे पुरातला बंधारा पार. आपल्याकडं पावसाळ्यात रोजचं बोलणंच ते, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट, ३९ ला इशारा, ४३ ला धोका, २०१९ ला तर ५५ च्या वर गेलं आणि शिरोलीजवळ हायवेच बुडाला. पण ६५० मिमी हा आकडा उभ्या पाण्याचा. वाहतं पाणी खालनं गाडीला उचलतं आणि बाजूनं ढकलतं. फूटभर वाहत्या पाण्यात छोटी गाडी तरंगते, दोन फुटाला एसयूव्हीसुद्धा वाहून जाते, चार चाकं ओढणारी असोत नाहीतर दोन, चाक जमिनीला टेकलंच नाही तर ओढणार कशाला? शिवाय बंधाऱ्याला कठडा नाही, गढूळ पाण्यात कड दिसत नाही. आणि इंजिनात पाणी शिरून गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारायचा नाही, पाणी दाबलं जात नाही, आतला रॉड वाकतो. मिस्त्रींच्या रॅकवर असला एक वाकडा रॉड ठेवलाय, पेपरवेटसारखा. कुणी पुरातल्या शूरपणाच्या गोष्टी सांगायला लागला की ते तो हातात देतात.

अजून एक, जाता जाता. रील काढायला सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, गाड्या चढवणाऱ्यांनी माझ्याशी बोलू नये. मसाई पठारासारख्या जांभ्याच्या सड्यावर माती बोटभर, त्यात पावसाळ्यातली ती चिमुकली फुलं, आणि एकदा टायरची चाकोरी पडली की पाणी तिथनंच वाहतं, माती जाते, पुढच्या वर्षी तिथं फूल नाही. मसाई तर आता संवर्धन राखीव आहे. गाडी चढते म्हणून चढवायची हा हिशेब मला कळत नाही. पाणंद कशासाठी आहे?

मित्र बदलला, हे कबूल करायला पाहिजे. झेंडा काढला नाही, पण पंप घेतला, दोर घेतला, आणि महिन्यातनं एकदा तो दांडा हलवतो, निदान अंगणात, दांड्याला गंज नको म्हणून. मध्यंतरी मामांच्या शेतावर खताची पोती पोचवायला त्याचीच गाडी लागली, फोर एलमधे, मागं आठ पोती, आणि हा इतका हळू चालवत होता की मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न मारला. मी घरी बोललो होतो की आपणही विकून तसलीच एक घेऊया. बायकोनं विचारलं, वर्षातनं पाणंदीला किती वेळा जातो? दोनदा. मुंबईला? पाच-सहा वेळा. मग तिनं पुढं काही विचारलं नाही.

यंदा जुलैत गेलो तेव्हा गाडी दूध संस्थेच्या दारात लावली, डांबरीवरच. बूट डिकीत टाकले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. आई माझ्या पुढं, चप्पल हातात घेऊन, मधल्या उंचवट्यावरनं टुकूटुकू चाललेली. तेवढ्यात मागनं फटफट आवाज आला. जुनी एम-८०, दोन्ही बाजूला दुधाच्या किटल्या, दोन्ही पाय वल्ह्यासारखे चिखलातनं टेकवत म्हातारा चाकोरीतनं चाललेला, टायर म्हणजे बांगडीएवढे. "पावणं, सरा की वाईच," म्हणाला. आम्ही दोघं कडेला, उसात सरकलो. तो गेला, ओढ्याचं पाणी शिरतं तिथं जरा थांबला, एका पायानं तळ चाचपून बघितला, आणि किटल्या खुळखुळत पलीकडं.